आतून कडी लागते का? : मराठवाड्यातल्या आठही जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव.

विषय: लेकरं सांभाळायला घरी राहणाऱ्या बायका आणि त्यांना ठेवून घेणारी घरं, या दोघांचीही जिल्हा पातळीवर नोंद व हमी असण्याबाबत.

सन्माननीय महोदय, महोदया,

मी लातूरला एका रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. लोक सिस्टर म्हणतात. माझे मिस्टर एसटीत वाहक आहेत. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा सव्वादोन वर्षांचा. सासूबाई अहमदपूर तालुक्यात गावाकडं असतात. सासऱ्यांना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांना दोन दिवसही घर सोडता येत नाही. माझी आई मी नर्सिंगला असतानाच गेली.

आमच्या पाळ्या सकाळी आठ ते दोन, दोन ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ अशा चालतात. आठ वाजले म्हणून पर्स उचलून निघता येत नाही. पुढची सिस्टर यावी लागते, तिच्याबरोबर खाटेखाटेवर फिरून कुणाचं सलाईन किती राहिलं, कुणाला रात्री ताप होता, कुणाला उद्या ऑपरेशनला घ्यायचंय हे सांगावं लागतं, तेव्हा कुठं चार्ज सुटतो. मिस्टरांना आठवड्यातून दोन-तीनदा मुक्कामी गाडी असते. संध्याकाळी डेपोतून निघायचं, शेवटच्या गावाला गाडी लावून तिथंच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत यायचं. माझी रात्रपाळी आणि त्यांची मुक्कामी गाडी एकाच तारखेला आली की त्या रात्री आमच्या घरात लेकरांजवळ मोठं माणूस उरत नाही. महिन्यातून अशा चार-पाच रात्री येतात. ड्यूटी बदलून तरी किती वेळा घेणार? जिच्याशी बदलते तिचीही लेकरं आहेत.

म्हणून आम्हाला घरी राहणारी बाई लागते. इकडं सगळे तिला 'चोवीस तासांची बाई' म्हणतात. मीही हा शब्द कितीतरी दिवस सहज वापरला. आता तो तोंडातून निघताना अडतो. का, ते पुढं येईलच.

आपल्याला आठही जणांना एकत्र लिहिण्याचं कारण असं की ही बाई बहुतेक वेळा एका जिल्ह्यातून येते आणि दुसऱ्या जिल्ह्यात राहते. बीडची लातूरला, हिंगोलीची नांदेडला, जालन्याची संभाजीनगरला. शिवाय कामगार कार्यालय, महिला व बालविकास, पोलिस, जिल्हा परिषद ही खाती वेगवेगळी असली तरी त्यांना एका टेबलाभोवती बोलावणारं माणूस जिल्ह्यात एकच असतं. माझं मागणं आधीच सांगून टाकते. लेकरू सांभाळायला येणारी बाई कोण आहे हे घराला, आणि ते घर कसं आहे हे त्या बाईला, जबाबदारी घेऊन सांगणारं एक ठिकाण प्रत्येक जिल्ह्यात हवं. आज ते कुठंच नाही. त्यामुळं काय काय होतं, ते मी माझ्याच घरातलं सांगते.

सुरुवातीला मला वाटलं, सरकारी सोयींत आपलं भागेल. अंगणवाड्या १९७५ पासून आहेत. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडी ताई मायाळू आहेत, मुलगी तिथंच जायची. पण अंगणवाडी काही तासांत सुटते. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं आहे, देशभरात अशी १७,००० केंद्रं मंजूर झालेली आहेत. त्यात सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याचे २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. आमच्या गल्लीत तसं केंद्र उद्या सुरू झालं तर सकाळपाळीचा प्रश्न मिटेल आणि मी मनापासून आभार मानीन. रात्रपाळीचा तसाच राहील. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर ठेवण्याची, आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊ देण्याची तरतूद आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पाळणाघराची तरतूद आहे. मी जिथं काम करते तिथं पाळणाघर नाही. आणि असतं तरी एवढ्या लहान लेकराला रोज रात्री आठ वाजता रुग्णालयात घेऊन जाणं मला, एका सिस्टरला, पटलं नसतं. तिथल्या हवेत काय काय असतं ते मला माहीत आहे.

राज्य शासनानं २०१८ पासून बालसंगोपन रजा दिली. संपूर्ण सेवेत १८० दिवस. केंद्राच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवस मिळतात, तो वेगळा विषय. माझ्या १८० पैकी साठ दिवस एक बाई गेल्यापासून दुसरी येईपर्यंतच्या मधल्या काळात संपले. लेकरं दहावी-बारावीला जातील तेव्हासाठी राखून ठेवायची रजा मी बाई शोधण्यात घालवली.

बाई शोधणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. मी दूधवाल्याला विचारलं, किराणावाल्याला विचारलं, वॉर्डातल्या आयाबाईंना विचारलं. एकदा तर ॲडमिट असलेल्या म्हातारीच्या सुनेला विचारलं, आणि नंतर घरी येऊन मला लाज वाटली, कारण ती बिचारी सासूच्या काळजीत होती. सगळीकडं एकच उत्तर. लातूरला शिकवण्यांसाठी बाहेरगावची पोरं येतात, गल्लोगल्ली मेस आणि वसतिगृहं आहेत. तिथं सकाळी आणि संध्याकाळी पोळ्या लाटल्या की बाई आपल्या घरी जाते, आपल्या लेकरांत झोपते. ती परक्याच्या घरी रात्रंदिवस कशाला अडकेल? हे मला मान्य करावंच लागलं. जी बाई घरी राहायला तयार होते, तिच्यामागं बहुतेक वेळा काहीतरी मोडलेलं असतं. नवरा गेलेला, नवऱ्यानं टाकलेली, कर्जात शेत गेलेलं. गरजू दोन्ही बाजूला असतात, आणि मधली जागा रिकामी असते. ती एजन्सीनं भरून काढली.

एजन्सीचं नाव लिहीत नाही. नोंदणीचे आठ हजार घेतले, वर एका महिन्याचा पगार त्यांचा. तीन महिन्यांत बाई सोडून गेली तर एकदा बदलून देऊ, असा कागद दिला. पहिल्यांदा त्यांनी जिला आणलं तिच्या आधारकार्डावर वय १९ होतं. पाय जवळ घेऊन ती सोफ्याच्या कडेला बसली. मी सहज विचारलं, शाळा कितवीपर्यंत झाली? म्हणाली, सातवी, आणि सांगितलं की 'गेल्या वर्सी' सुटली. मी तिच्या मनगटाकडं पाहिलं. रोज पोरांना सलाईन लावते, मनगटावरून वय कळतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला घरकामाला ठेवायला १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे, हे मला माहीत होतं. मी तिला चहा-पोहे दिले आणि एजन्सीच्या माणसाबरोबर परत पाठवलं. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनला फोन करायला हवा होता. केला नाही. त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर फक्त दुसऱ्या दिवशीची पाळी होती. ती पोरगी तिथून कुणाच्या घरी गेली असेल, हा विचार मला अजूनही रात्रपाळीला येतो.

मग दुसरी बाई आली. पस्तिशीची, कामाला चलाख, कमी बोलणारी. महिना चौदा हजार आम्ही एजन्सीला द्यायचे, तिच्या हातात नऊ पडायचे, हे तिनंच नंतर सांगितलं. तिचं मूळ आधारकार्ड एजन्सीकडं 'जमा' होतं. मला तेव्हा ते ठीकच वाटलं, म्हणजे बाई पळून जाणार नाही. ऊसतोडीच्या मुक्कादमाकडं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेला कोयता, म्हणजे तोडणीचं जोडपं, आणि कागद अडकवलेली बाई यांत काही फरक नाही, हे मराठवाड्यात जन्मलेल्या मला त्या दिवशी दिसायला हवं होतं.

पाचव्या आठवड्यात मी रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी आले. मुलगा अकरा महिन्यांचा होता तेव्हा. झोपलेला. दहा वाजले, अकरा वाजले, उठेना. हाक मारली तर डोळे उघडून पुन्हा मिटायचा. अंगाला हात लावला, ताप नाही. माझ्या पोटात गोळा आला. फ्रीजवर मुलीचं सर्दीचं औषध होतं, डॉक्टरांनी तिच्यासाठी लिहून दिलेलं, गुंगी आणणारं. औषधाची बाटली उघडली की तिच्यावर पेनानं तारीख घालायची आणि किती उरलं तिथं रेघ मारायची ही वॉर्डातली सवय घरीही आहे. औषध माझ्या रेघेच्या बोटभर खाली गेलं होतं. मुलीला चार दिवसांपासून सर्दी नव्हती.

लेकराला उचलून मी तशीच रिक्षानं रुग्णालयात गेले. दुपारपर्यंत त्याच्याजवळ बसले. संध्याकाळी तो नीट जागा झाला, दूध प्याला, हसला. देवाची कृपा म्हणा.

बाईला मी त्याच दिवशी काढलं. एजन्सीला फोन केला तर 'आमच्याकडून पाठवताना बाई चांगली होती' एवढंच उत्तर मिळालं, आणि दुसरी पाठवू म्हणाले. त्या बाईला मी बोलू नये ते बोलले. ती भिंतीला टेकून उभी होती, उत्तर दिलं नाही. जाताना दारात एकच वाक्य बोलली, "ताई, मी बारा दिसांत धड झोपले न्हाई."

तिनं जे केलं ते भयंकर होतं. त्याला माफी नाही, आणि ते बारीकसारीक म्हणून मी कुणाला सांगू देणार नाही. पण ते वाक्य मला सोडत नव्हतं, म्हणून एका रात्री मी वहीत तिचा दिवस लिहून काढला. पहाटे साडेपाचला मिस्टरांचा डबा. सातला मुलीचं आवरणं. मी नाइट करून आले की मी झोपणार, म्हणून दिवसभर दोन्ही लेकरं तिच्याकडं. त्यात धुणं, भांडी, स्वयंपाक, ते तर ठरलंही नव्हतं, आपोआप तिच्याकडं गेलं होतं. रात्री मुलगा दोन-तीनदा उठायचा, तेव्हाही तीच. झोपायला स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी चटई. पाच आठवड्यांत एक सुट्टी नाही. मी बारा तासांची पाळी केली की आठ तास झोपते, आणि ते झोपणं शक्य व्हावं म्हणून मी दुसरीची झोप घेतली होती. मी परिचारिका आहे. न झोपलेल्या माणसाच्या हातून औषधाची चूक होते हे मी नव्या सिस्टरांना शिकवते.

तेव्हापासून 'चोवीस तासांची बाई' हा शब्द मी सोडला. चोवीस तासांचं माणूस नसतं.

यानंतर आली ती मावशी, जिच्यामुळं मी हे पत्र लिहायला बसले. धारूर तालुक्यातली. नवरा-बायको दसऱ्यानंतर ऊसतोडीला फडावर जायचे. नवरा वारला, तसं फडावर जाणं बंद झालं. "अर्ध्या कोयत्याला कोन उचल देतंय ताई?" असं ती म्हणाली होती. ती मला एजन्सीकडून मिळाली नाही. आमच्या वॉर्डातल्या आयाबाईची बहीण आणि मावशी एकाच बचत गटात. गटाच्या अध्यक्षबाईंनी मला फोनवर सांगितलं, "नऊ वर्सं झाली गटात. एक हप्ता चुकला न्हाई. तिच्या हातात घर देऊन आमी लग्नाला जातो." मला कुठल्याही कागदानं दिला नसता एवढा धीर त्या वाक्यानं दिला.

पण मावशी लगेच हो म्हणाली नाही. आधी दोन दिवस राहून बघते म्हणाली. घरात फिरली. मिस्टर रात्री घरी असतात का, कोण येतं-जातं, हे तिनं विचारलं. मागच्या खोलीत तिला झोपायचं होतं, त्या खोलीच्या दाराकडं बघून विचारलं, "आतून कडी लागती का?"

नव्हती. दहा वर्षं त्या घरात राहतोय, कधी लक्षात आलं नव्हतं. मिस्टर दुसऱ्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून कडी घेऊन आले आणि स्क्रू पिळून बसवली. मावशीनं ती दोनदा लावून-काढून पाहिली, आणि मग म्हणाली, राहते.

मी इतके दिवस भरवशाची बाई शोधत होते. आमचं घर भरवशाचं आहे का, हे मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं.

मावशी अकरा महिने राहिली. या वेळी सगळं कागदावर लिहिलं. पगार बारा हजार, थेट तिच्या खात्यात. लेकरांचं सगळं तिच्याकडं, धुण्याभांड्याला वेगळी बाई. माझी रात्रपाळी असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोन ते सहा तिची झोप, मग घरात काहीही होवो. दर आठवड्याला एक पूर्ण दिवस सुट्टी, महिन्यातून एकदा जोडून तीन दिवस गावाला. कागद तिच्या बहिणीकडं एक, आमच्याकडं एक. त्या अकरा महिन्यांत मी एकही रजा टाकली नाही. माझा मुलगा तिच्या पायांवर चालायला शिकला. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्याच्या छातीला लावण्याआधी ती आपल्या गालाला लावून बघायची. दर रात्री आठ वाजता तिच्या लेकीचा फोन यायचा. लेक आठवीत, आजीजवळ गावाला. माझी मुलगी त्या फोनवर त्या ताईला कविता म्हणून दाखवायची.

जूनमध्ये आजी ओसरीवरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. मावशी गावाला गेली ती परत आली नाही. फोनवर म्हणाली, "पोरगी एकली ऱ्हाऊलालीय ताई. लोकं स्थळं आणूलालेत. तेरा वर्साचीय. मी कशी येऊ?"

तिच्या लेकराजवळ कुणी नाही म्हणून माझ्या लेकरांजवळची बाई गेली. मी तिला थांब म्हणू शकले नाही, कोणत्या तोंडानं म्हणणार होते? तिच्या लेकीसाठी मी वसतिगृहं शोधली. हंगामी वसतिगृह ऊसतोडीच्या हंगामापुरतं, आणि मावशी तर फडावर नव्हती, लातूरला होती. घरकामाला बाहेरगावी राहणाऱ्या आईचं लेकरू कुठल्या योजनेत बसतं, हे मला कुणी सांगू शकलं नाही.

महोदय, महोदया, आता आपल्या हातात काय आहे ते लिहिते. मी कायद्याची जाणकार नाही, पण या दोन वर्षांत बरंच वाचून काढलं.

राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगाराची नोंद होते. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, शासनानं घरकामगारांना दीड हजार रुपये दिले ते नोंद असलेल्यांनाच. आमच्या गल्लीत धुणंभांडी करणाऱ्या कुणालाच ते मिळाले नाहीत, कारण नोंद करायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं. माझ्या मावशीचीही नव्हती. ही नोंद आज फक्त लाभासाठी आहे. तीच ओळखीसाठी वापरता येईल. बाईचं वय, तिनं आधी कुठं काम केलं, तिला मुलांचं काय काय येतं, आणि तिच्या गावचा बचत गट तिच्याबद्दल काय सांगतो, एवढं त्यात आलं तरी पुरे. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे ग्रामसंघ आणि माविमची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची, केंद्रं मराठवाड्यात आहेत. माविम तर १९७५ पासून आहे. दहा-बारा बायका दर महिन्याला एकत्र बसतात, एकमेकींचे हप्ते आणि एकमेकींची घरं ओळखतात. पोलिस पडताळणी हवीच, मी तिच्या विरोधात नाही. पण पोलिस सांगतात की बाईवर गुन्हा नाही. ती लेकराला कशी जपते हे गटातल्या बायकाच सांगू शकतात. त्या हमीसाठी गटाला थोडा मोबदला द्यावा, एजन्सीला आम्ही जे आठ-दहा हजार मोजतो त्याचा थोडासा भाग त्यांना मिळाला तरी त्यांचं काम उभं राहील.

तेवढंच घराचंही हवं. घरात कोण कोण राहतं, बाई कुठं झोपणार, दाराला आतून कडी आहे का, आठवड्याची सुट्टी कधी, याआधीची बाई का गेली. हे सगळं लिहून घेतल्याशिवाय कुठल्याही घराला नाव कळवू नये. कुणी म्हणेल, पैसे आम्ही मोजायचे आणि वर आमचीच तपासणी? मी पैसे मोजणारी आहे आणि मी ती मागते आहे. त्या तपासणीत माझ्या घराला तेव्हाच नापास केलं असतं तर माझं लेकरू त्या सकाळी तसं झोपून राहिलं नसतं.

लेखी कराराचा एक साधा नमुना मराठीत काढा, दोन पानांचा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती आहे, आणि बाईची ओळखपत्रं तिच्याकडंच राहिली पाहिजेत असंही आहे. भारतानं तो स्वीकारलेला नाही. पण त्यातली ही दोन कलमं आपल्या नमुन्यात घ्यायला दिल्लीची परवानगी लागत नाही. २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं घरकामगारांच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा असं केंद्राला सांगितलं. तो कायदा येईल तेव्हा येवो. शेजारच्या कर्नाटकानं २००४ मध्येच घरकामाला किमान वेतन ठरवलं, छत्तीसगडनं २०१३ मध्ये आणि झारखंडनं २०१६ मध्ये अशा एजन्सींसाठी कायदे केले. आपणही एजन्सींना निदान जिल्ह्यात नोंद करायला लावा, मूळ आधार ठेवून घेणाऱ्यावर कारवाई करा, आणि त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक मुलीचं वय शाळेच्या दाखल्यावरून तपासा.

बाईला तक्रार करायची असेल तर तिला कुठं जायचं ते करारातच लिहिलेलं असावं. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात घरकामगार बाई येते, आणि तिच्यासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीचं दार आहे. त्या समितीचा फोन नंबर मी शोधला तेव्हा मला दोन तास लागले. मावशीला किती लागले असते?

प्रशिक्षणाचं थोडक्यात सांगते. पंधरा दिवसांचं पुरे आहे, आणि ते द्यायला आम्ही सिस्टर तयार आहोत. घशात अडकलं तर लेकराला कसं धरायचं, ताप कसा मोजायचा, झटका आला तर काय करायचं नाही, औषध कुणाला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. आमच्या पाळीतल्या सहा जणींशी बोलले आहे, सुट्टीच्या दिवशी येऊ म्हणाल्या. मानधन नको.

आणि मावशीच्या लेकीचं. नोंद झालेली बाई बाहेरगावी कामाला राहत असेल तर तिच्या मुलीला शासकीय वसतिगृहात किंवा कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयात प्राधान्य द्या, वर्षभरासाठी. माझ्या सगळ्या मागण्यांत आपल्याला एकच मान्य करता येणार असेल तर ही करा. बाकीचं आम्ही कागदावर आणि आपसात काहीतरी करून निभावून नेऊ. ही एक गोष्ट आमच्या हातात नाही.

मला नेहमी ऐकवलं जातं की सासू-सासऱ्यांना शहरात आणा, नाहीतर नोकरी सोडा. सासूबाई सासऱ्यांना कूस बदलून देतात, दिवसातून आठ वेळा. त्यांना मी काय आणू? आणि माझी नोकरी सुटली तर रात्री साडेबाराला तुमच्या घरचं माणूस ज्या खाटेवर येईल तिथं एक सिस्टर कमी असेल. वसतिगृहातली वॉर्डन, महामंडळातल्या महिला वाहक, पोलिस ठाण्यातल्या रात्रपाळीच्या शिपाई, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या बायका, सगळ्या याच फेऱ्यात आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणी लेकरांना आत झोपवून, बाहेरून कुलूप लावून, शेजारणीला किल्ली देऊन ड्यूटीला जातात. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्यासमोर कबूल केलंय त्यांनी, डबा खाताना, खाली बघत.

सध्या आमच्याकडं एक आजी दिवसा येतात. रात्रींसाठी मिस्टरांनी मुक्कामी गाडी बदलून मागितली आहे, तीन महिने मिळाली आहे. नोव्हेंबरनंतर काय, ते ठरलेलं नाही.

लातूर जिल्ह्यात अशी नोंद सुरू झाली तर घरांच्या यादीत पहिलं नाव माझं घाला. तपासणीला कुणीही, केव्हाही या, रात्री आलात तरी चालेल. मागची खोली रिकामी आहे. कडी आहे तिला. मावशीच्या लेकीला जूनपर्यंत वसतिगृह मिळालं तर मावशी परत यायला तयार आहे, कालच तिच्याशी बोलणं झालं. तिच्या गावाचं नाव, लेकीची इयत्ता आणि शाळा मी आपल्या कार्यालयात वेगळ्या बंद पाकिटात देऊन ठेवली आहे.

उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक अधिपरिचारिका, दोन लेकरांची आई
लातूर